‘धर्म मानत नाही, विश्वासात आहे’: यातला धर्म कुठला आणि विश्वास कुठला?

प्रश्न असा आहे: ‘ऑफिसातली एक ख्रिस्ती मैत्रीण म्हणाली, मी धर्मबिर्म मानत नाही, मी विश्वासात आहे. दर रविवारी ती न चुकता चर्चला जाते, मग धर्म न मानणं म्हणजे काय? “विश्वासात असणं” हे मराठी आहे की हिंदीची उसनवारी? आणि याबद्दल लिहायचं झालं तर विश्वास म्हणावं की श्रद्धा?’

मधल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. हिंदी बोलणारे विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, लोकही असंच बोलतात, पण मराठीला ते त्यांच्याकडून घ्यायची गरज पडलेली नाही. मराठी बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहितो, ‘विश्वासात स्थिर राहा’. मूळ ग्रीकमध्येही तिथे ‘मध्ये’ आहेच. नेहमीच्या मराठीत आपण कुणाला तरी विश्वासात घेतो, म्हणजे गुपित सांगतो. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या मराठीत माणूस स्वतःच विश्वासात येतो, विश्वासात वाढतो, कधी विश्वासातून घसरतो. एखाद्या गावात येऊन राहावं तसा हा विश्वास आहे. ‘आमच्या घरात आधी आई विश्वासात आली’ हे वाक्य नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती घरांत कानाला अजिबात खटकत नाही, बाहेरच्याला मात्र अर्धवट वाटतं. कुणाच्या विश्वासात, असं तो विचारणार.

आता धर्माकडे येऊ. मराठीत हा शब्द फार ऐसपैस आहे. दारावरचा याचक ‘धर्म कर माय’ म्हणतो तेव्हा त्याला चार पैसे किंवा भाकरी हवी असते. शेजारधर्म, राजधर्म, धर्मशाळा, धर्मादाय दवाखाना, पाण्याचा धर्म खाली वाहणं, ही सगळी त्याचीच पिलावळ. तुमच्या मैत्रिणीला यातलं काहीच नाकारायचं नाही. शेजारधर्म तर ती बहुधा आपल्यापेक्षा जास्त पाळत असेल.

ती नाकारते तो धर्म तुलनेने नवा आहे. ‘अमुक धर्म विरुद्ध तमुक धर्म’ अशी एकेकाला कुंपण घालून मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या वादांत घट्ट होत गेली. मोरभट दांडेकरांनी १८३१ मध्ये ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, तिला स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने पुढच्याच वर्षी उत्तर दिलं. १८५७ मध्ये विष्णुबाबा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद घालत होते. वाद घालायचा तर दोन्ही बाजूंना सारख्या मापाचं नाव लागतं, आणि ते माप म्हणून ‘धर्म’ वापरात आला. रस्त्यावरच्या मराठीत मात्र तोवर, आणि नंतरही बराच काळ, धर्म म्हणजे जात, पंगत आणि विटाळ. ख्रिस्ती झालेल्याला लोक ‘बाटला’ म्हणत. त्याचं मत काय बदललं याची चौकशी कुणी करत नसे. तो कुणाच्या हातचं जेवला, एवढंच पाहिलं जाई.

‘ख्रिस्तीपण हा धर्म नाही, ते नातं आहे’ हे आज प्रवचनांतून सारखं ऐकू येणारं वाक्य अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल, म्हणजे व्यक्तिगत विश्वासावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, वर्तुळांतून आलं आहे. त्याचा वैचारिक पाया मात्र युरोपात आहे. स्विस धर्मपंडित कार्ल बार्ट यांनी १९३८ मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथात थेट लिहिलं की धर्म म्हणजे अविश्वास. हे वाक्य मराठीत जसंच्या तसं ठेवलं तर वेडगळ वाटतं. ‘धर्म’च्या जागी ‘देवापर्यंत आपल्या बळावर पोचायची माणसाची धडपड’ असं ठेवून पाहा, मग ते उलगडतं. देवच माणसाकडे आला आहे, आपण शिड्या कसल्या लावताय, असा बार्टचा सवाल. आणि हा आसूड त्यांनी इतरांच्या धर्मांवर ओढला नव्हता. पहिला फटका ख्रिस्ती धर्मालाच होता. प्रवचनातून हे वाक्य फेकणारे पुष्कळजण एवढा भाग गाळतात, आणि मग त्याचा अर्थ ‘तुमचा तो धर्म, आमचं ते नातं’ असा सोयीचा होऊन बसतो. या वाक्याबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, या भेदाला आधार आहे का? थोडा आहे, थोडा नाही. विश्वासासाठीचा ग्रीक शब्द ‘पिस्तिस’ तिथे दोनशेहून अधिक वेळा येतो. धर्माचरण, उपासनाविधी अशा अर्थाचा ‘थ्रेस्केइया’ फक्त ४ वेळा. पण त्या ४ पैकी २ वेळा तो याकोबाच्या पत्रात लागोपाठच्या ओळींत आहे, आणि तिथे त्याला टाकून दिलेलं नाही. शुद्ध धर्माचरण म्हणजे काय, तर अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं. म्हणजे दारावरच्या याचकाच्या तोंडचा ‘धर्म’ याकोबाला बरोबर कळला असता.

आता विश्वास की श्रद्धा? व्युत्पत्तीचा मोह इथे होतोच. श्रद्धा हा वैदिक शब्द, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्याचं स्वतंत्र सूक्त आहे, आणि लॅटिनमधल्या ‘क्रेदो’शी, म्हणजे ज्या शब्दाने ख्रिस्ती लोकांचा मतांगीकार (विश्वासाची ठराविक कबुली) सुरू होतो त्याच्याशी, त्याचं थेट भाऊबंदकीचं नातं भाषाशास्त्रज्ञ मान्य करतात. त्या हिशेबाने श्रद्धाच घ्यायला हवी. पण शब्द कुळावर चालत नाहीत, वापरावर चालतात. महाराष्ट्रात ‘श्रद्धा’ म्हटलं की पाठोपाठ ‘अंधश्रद्धा’ येते. हिंदीने तिथे ‘अंधविश्वास’ केला, आपण अंधश्रद्धा केली, त्यामुळे मराठीतला विश्वास त्या भांडणातून सुटला. शिवाय श्रद्धा कशावरही बसते: देवावर, गुरूवर, औषधावर, मुहूर्तावर. विश्वास मुख्यतः माणसामाणसांतला. विश्वासू नोकर, विश्वासघात. ज्यांना देवाशी व्यक्तीसारखं नातं सांगायचं आहे, त्यांना तोच जवळचा वाटणार. पुन्हा ‘येशूवर विश्वास’ आणि ‘देव आहे असा विश्वास’ यांत फरक आहे. पहिल्यात भार टाकणं आहे, दुसऱ्यात एक विधान मान्य करणं. ‘विश्वासात आहे’ म्हणणाऱ्याला पहिला अभिप्रेत असतो.

(ज्या धातूपासून ‘विश्वास’ झाला त्याच धातूपासून ‘विश्वस्त’ही झालाय. चर्चची जागा, भाडं, बँकखातं आणि कोर्टकज्जे पाहणारे विश्वस्त मंडळ. धर्मसंस्था म्हणून जे काही आहे त्याचं अगदी मर्म, आणि नाव मात्र विश्वासाचंच.)

हा भेद सगळे ख्रिस्ती करत नाहीत, हे मराठीतच लख्ख दिसतं. वसईच्या कॅथलिकांची मराठी वाचा. पॅरिश म्हणजे धर्मग्राम, बिशपचं क्षेत्र म्हणजे धर्मप्रांत (वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबईतून वेगळा झाला), फादर म्हणजे धर्मगुरू, सिस्टर म्हणजे धर्मभगिनी, आणि सगळ्यांची मिळून ख्रिस्तसभा. प्रत्येक पाटीवर धर्म आहे, आणि तो संस्थेच्याच अर्थाने. उलट प्रॉटेस्टंटांकडे पाळक (पास्टर), वडील (एल्डर), मंडळी (चर्च), उपासना. धर्म शब्द जवळपास टाळलेला. मंडळी म्हणजे तरी काय, जमलेली माणसं. आपल्याकडे जुने लोक बायकोलाही ‘आमची मंडळी’ म्हणत. कॅथलिकाला ‘विश्वास वेगळा आणि ख्रिस्तसभा वेगळी’ हे वाक्यच नीट समजत नाही, कारण त्याच्या लेखी त्याला विश्वास मिळाला तोच त्या सभेतून, तान्हेपणी बाप्तिस्मा झाला तेव्हा.

मराठी माणसांपुरतं बोलायचं तर हा भेद अमेरिकन प्रवचनांच्या कितीतरी आधी, आणि जास्त धारदारपणे, दोघांनी जगून दाखवला.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या मार्गदर्शक, आणि पुढची काही वर्षं दोघींचा पत्रांतून कडाक्याचा वाद. चर्चने सांगितलं म्हणून मानायचं, हे रमाबाईंना पटेना. १८८५ मधल्या एका पत्राचा आशय असा: भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं तसलंच जोखड चढवून घ्यायची माझी तयारी नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, यावरही त्या अडून बसल्या. लॅटिन काही संस्कृतपेक्षा जास्त पवित्र नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी ध्यानात आलं: मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तुमची मैत्रीण जे म्हणते ते हेच. फरक इतका की रमाबाई धर्माला वाईट म्हणत नाहीत. तो चांगलाच होता, पण त्यातला जीव हाती लागला नव्हता, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि त्यांनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं: शाळा, शेती, छापखाना, शेकडो मुलीबायका. संस्थेशिवाय ते कसं चाललं असतं?

दुसरे रेव्हरंड टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वीसेक वर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यासी होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यायचे होते. त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. बाप्तिस्मा म्हणजे धर्मांतराची नोंद, आणि टिळक म्हणत होते की नोंदीवाचूनही शिष्य होता येतं. नावही बघा: ना मंडळी, ना सभा, ना पंथ. दरबार. आता दरबारातही मानकरी असतात, रीत असते, पण मालक एकच, आणि तो कुणी परदेशी मिशन नाही. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक वारले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत.

तुकोबांचं नाव निघाल्यावर बहुतेक मराठी वाचक म्हणणार, मग यात नवं काय, कर्मकांड नको आणि भाव हवा हे संतांनी सांगितलंच आहे. बरंचसं खरं आहे, आणि म्हणूनच टिळकांना तो पूल दिसला. पण ‘धर्म विरुद्ध विश्वास’चं मराठी ‘कर्मकांड विरुद्ध भक्ती’ असं सरसकट करू नका. कर्मकांडाच्या टीकेत रोख पोकळ विधींवर असतो. बार्टच्या, किंवा त्याआधी प्रॉटेस्टंट सुधारणेची सुरुवात करणाऱ्या लूथरच्या, बोलण्यात अगदी मनापासून केलेला विधी, मनापासूनचं सदाचरणसुद्धा तारणाची, म्हणजे पापातून सुटकेची, किंमत म्हणून चालत नाही. तारण फुकट मिळतं, हा त्यांचा मुद्दा. भावाने केलेली पूजाही त्यांच्या तराजूत त्याच पारड्यात पडते.

आणखी एक वापर आहे, तो धर्मपंडितांच्या पुस्तकांत सापडणार नाही. ‘धर्म बदललेला नाही, विश्वासात आलोय’ असं जेव्हा एखादं दलित कुटुंब म्हणतं, तेव्हा त्यात कागदाचाही संबंध असू शकतो. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश सुरुवातीला मुख्यतः हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात सरसकट शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आलेले नाहीत. त्यामुळे ‘धर्म’ रकान्यात काय लिहिलं यावर जातीचा दाखला, शिष्यवृत्ती आणि राखीव जागा ठरतात. या लोकांच्या तोंडी ‘धर्म’ म्हणजे अगदी शब्दशः सरकारी रकाना. त्यांना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. पण मनातली गोष्ट आणि दाखल्यावरची गोष्ट यांना एकच नाव असावं असा आग्रह आधी त्या आदेशाने धरला आहे.

लिहिताना काय वापरावं? प्रॉटेस्टंट माणसाबद्दल लिहीत असाल तर विश्वास, विश्वासी. कॅथलिकाबद्दल असेल तर श्रद्धा खुशाल चालेल, त्यांच्या लेखनात ती पुष्कळ दिसते. ज्याला त्यांचा नकार आहे त्याला नुसतं ‘धर्म’ म्हणू नका, वाचक गोंधळतो. संस्थेबद्दल बोलायचं असेल तर ‘धर्मसंस्था’ हा रुळलेला शब्द आहे. ‘संघटित धर्म’ ऐकला की मला मोर्चा आठवतो. विधींबद्दल बोलायचं असेल तर ‘धर्माचरण’. ‘धार्मिक’ मात्र जपून. ‘मी धार्मिक नाही’ असं मराठीत म्हटलं की समोरचा समजतो, हा उपासतापास करत नाही, फार तर नास्तिक असेल. रोज पहाटे प्रार्थना करणाऱ्या बाईच्या तोंडी ते घातलंत तर भलताच अर्थ होईल.

सर्वांत अवघड प्रसंग जर्मन धर्मपंडित बोनहोफर यांच्या भाषांतराचा. नाझींच्या कैदेत, बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून ३० एप्रिल १९४४ च्या पत्रात त्यांनी धर्माशिवायच्या ख्रिस्तीपणाचा प्रश्न मित्रापुढे मांडला. आपण ‘ख्रिस्ती धर्म’ या जोडनावाला इतके सरावलो आहोत की त्याचं ‘धर्मविरहित ख्रिस्ती धर्म’ असं भाषांतर कुणीही झोपेत करून टाकेल. ‘धर्मविरहित ख्रिस्तीपण’ लिहा. माणूसपण, आईपण यांतला तो ‘पण’ इथे चांगला बसतो.