इतिहासात एम.ए. करून पोट भरेल का?

हा प्रश्न माझ्याकडे मुलांपेक्षा पालकच जास्त विचारतात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीला घेऊन तिचे वडील आले होते. मुलीचा बेत ठरलेला: एम.ए., पीएच.डी., मग प्राध्यापकी.

"मॅडम, आमच्या ओळखीतला एक मुलगा पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर शिकवतोय. सुट्टी लागली की पगार बंद," वडील म्हणाले. त्यांची धास्ती खरी होती. कायम जागा क्वचित निघतात, आणि निघाल्या की नेट-सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा), पीएच.डी. झालेल्यांची रांग लागते. मी ते खोडून काढलं नाही.

मुलीला विचारलं, "मूळ कागद कधी पाहिलायस?"

नव्हता पाहिला. मराठ्यांच्या इतिहासावर वाचन मात्र भरपूर. पण वाचनाची आवड आणि संशोधनाची आवड या वेगळ्या गोष्टी आहेत (कादंबऱ्या वाचून इतिहासाकडे वळलेल्यांना हे पटायला वेळ लागतो). पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, म्हणजे पेशवाईतले सरकारी कागद, बहुतांश मोडी लिपीत आहे. म्हणून म्हटलं, एम.ए.चा फॉर्म भरायच्या आधी मोडीचा वर्ग कर.

अक्षरं तिला लवकर ओळखू आली. कागद वाचता येईनात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ सलग पळते. त्यात सन असतो शुहूर, म्हणजे त्या काळच्या कागदांतली वेगळी कालगणना, तोही अरबी अंकनामांत. 'खमस' म्हणजे पाच हे आधी कळायला हवं, मग एकूण आकड्यात ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचा. एका पत्राची तारीख लावण्यात तिची अख्खी दुपार गेली, आणि हे ती मला हसत हसत सांगत होती. एम.ए.ला होकार द्यायला मला तेवढं पुरलं.

पीएच.डी.चा निर्णय मात्र मी बाजूला काढून ठेवायला लावला. एम.ए. दोन वर्षांचं. पीएच.डी.ला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. तेवढा काळ घरच्या पैशावर काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात. परीक्षा एम.ए.च्या शेवटच्या वर्षातही देता येते, आणि जेआरएफची ३० वर्षांची वयोमर्यादा मुलींना ५ वर्षांनी शिथिल आहे.

"आणि नाहीच मिळाली तर?" वडिलांनी विचारलं. २०२३ च्या अखेरीला कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली होती, ते त्यांना आठवत होतं. जमिनीचे जुने कागद आजही लोक वाचून घेतात. यावर संसार चालेल असं मी म्हटलं नाही, हातखर्च सुटेल म्हटलं.

तिचं एम.ए. झालंय. नेटमध्ये ती सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरली, जेआरएफ थोडक्यात हुकली. सध्या कागद वाचून देते आणि पुन्हा परीक्षेला बसणार आहे. पीएच.डी.चा अर्ज तिनं भरलेला नाही. इतक्यात भरू नकोस, असं मीच सांगितलंय.