आजोबांच्या सामानात चार बटणांचा पितळी बाजा सापडला. कोणता असेल आणि दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आर्वीकडच्या घरी जुन्या सामानात मोठं पितळी वाद्य निघालं, बटणं जाम, नाव पुसट, कर्ण्याला (पुढच्या पसरट तोंडाला) तीन तडे. ठेवावं की भंगारात द्यावं? आणि शेवटी सहज लिहिलंत, "कुणाच्या तरी हातून पडलं असावं." खरं सांगतो दादा, या शेवटच्या वाक्यासाठीच मी लिहायला बसलो.

पडलं नसेल. कोठ्यात ठेवलं असेल. (कोठा म्हणजे आमच्याकडचा गोठा.)

मोठ्या बाबांची बँड पार्टी होती, दारव्ह्याच्या बाजूला. दोन ट्रंपेट, क्लॅरनेट, ढोल आणि एक युफोनियम (जाड, खोल आवाजाचं बटणांचं पितळी वाद्य), ज्याला आम्ही सगळे नुसतं 'मोठा बाजा' म्हणायचो. आखाडी झाली की सुपाऱ्या बंद. बाकीची वाद्यं घरात यायची, पण मोठा बाजा घरात मावत नव्हता, तो गोणपाटात गुंडाळून कोठ्यातल्या माचावर. खाली चार बैलं आणि एक म्हैस. तो थेट तुळशीच्या लग्नाच्या आधी खाली उतरायचा.

१९८७ साली उतरवला तर कर्ण्याला काठापासून बोटभर लांबीचे दोन तडे. मी तेव्हा चौदा वर्षांचा. दुपारी माचावर चढून चोरून फुंकायचो हे घरात सगळ्यांना माहीत. मोठे बाबा एवढंच बोलले, "या पोट्ट्यानंच पाडला असन." पुढं दोन दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. आणि चुलतभाऊ तर आजही प्रत्येक लग्नात, बँड दिसला रे दिसला की, "याले दूर ठेवा बाप्पा, हा पाडते!"

दहा-बारा वर्षांनी मी तो बाजा भंडाऱ्याला एका कसाराकडे नेला. भंडारा पितळेचं गाव, तिथं तरी कुणी हात लावेल म्हणून. म्हाताऱ्या माणसानं तड्यावरून नख फिरवलं आणि विचारलं, "पोचा कुठी हाय?" पोचा नव्हताच. कर्णा गोल, काठ सरळ, आणि त्यात काचेला जावा तसा बारीक, कोरडा तडा. पडलेलं पितळ आधी दबतं, मग फाटतं. हे दबलंच नव्हतं. म्हणाला, "ढोराच्या मुताच्या वाफेनं जाते हे."

मी तेव्हा हसलो. नंतर वाचलं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ ठेवली की आपोआप तडकायची. मोसमात होतं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. कारण पक्कं कळलं १९२१ साली. मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि ठोकून-ओढून आकार दिलेल्या पितळेत अडकलेला ताण. कर्णा तर ठोकूनच घडवतात. आमचा बाजा बरोबर चातुर्मासात म्हशीच्या डोक्यावर. आणखी काय पाहिजे!

बरं, तुमचा प्रश्न. चौथं बटण बाकी तिघांच्या रांगेत नसून बाजूला, डाव्या हाताशी असेल आणि बटणांच्या मागं जादा छोट्या नळ्यांची दुसरी जाळी दिसत असेल, तर तो बहुतेक कॉम्पेन्सेटिंग युफोनियम, म्हणजे जादा नळ्यांनी सूर आपोआप सावरणारा. लंडनच्या बूझी कंपनीच्या ब्लेकलीनं १८७४ साली पेटंट घेतलेली ती रचना. कर्ण्यावरचं नाव वाचायला चिंच-राख लावून घासू नका, उरलंसुरलं कोरीवकामही जाईल. अंधारात टॉर्च आडवी धरा, अक्षरं उठतात. नुसतं 'हॉक्स अँड सन' किंवा नुसतं 'बूझी' असेल तर १९३० च्या आधीचा, कारण त्या साली दोघं एक झाले. मेरठ दिसलं तर तिथल्या जाली कोठीचा, म्हणजे बँडची वाद्यं बनवणाऱ्या वस्तीचा, देशी माल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी खूण हार्मोनियमची. सूर उतरवायच्या सगळ्या नळ्या बाहेर ओढूनही बाजा हार्मोनियमपेक्षा चढाच राहत असेल तर तो इंग्रजी 'हाय पिच'चा. तिथला 'ला' (ज्यावर वाद्यं जुळवतात तो सूर) सेकंदाला साधारण ४५२ कंपनांचा, आपला आजचा ४४०. म्हणजे जवळजवळ पाव सूर वर. इंग्लंडातले ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत यातच वाजवत. आमचा क्लॅरनेटवाला जन्मभर मोठ्या बाबांच्या कानाला दोष देत गेला, दोष बाजाचा होता.

बटणांना पक्कड लावायची नाही. रॉकेल सोडा, रात्रभर राहू द्या, खालची टोपणं काढून लाकडानं हळू ढकला. निघाली की आकडा बघून ज्याच्या त्याच घरात घाला. एकाची अदलाबदल झाली की हवा अडते आणि माणूस फुंकून फुंकून लाल होतो.

तडा उघड्या गॅसच्या ज्योतीवर झाळू देऊ नका. आमच्या कसारानं तड्याच्या टोकाशी सुईएवढं भोक पाडलं, म्हणजे तो पुढं सरकत नाही. मग बाहेरून पातळ पत्र्याचं ठिगळ, कथील-शिशाची मऊ झाळ. ती दोनशे अंशांच्या आत वितळते, पितळाला नऊशेच्या वर लागतात, म्हणून कर्णा शाबूत राहतो. नवसागर वापरला तर नंतर भरपूर पाण्यानं धुवा, त्यातही अमोनियाच आहे. माझा बाजा अजून वाजतो. ठिगळ दिसतं, दिसू दे.

भंगारात देऊ नका. किलोवर मोजून देणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

आणि हो, मी कारागीर नाही, सोसायटीत हिशेब लिहितो. तुमच्या कर्ण्याला पोचा असेल आणि तडा त्या पोच्यातूनच निघत असेल, तर मग पडलाच असेल, माझं सगळं सोडून द्या. पण आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, बाजा पावसाळ्यात कुठं ठेवायचे. आणि तड्यांचा एक फोटो टाका, उन्हात, जवळून. चुलतभावाला दाखवायचा आहे.