जुन्या गिअरच्या सायकलला मागचं चाक स्वस्तात कसं बसवून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीहून म्हापशाला रोज सायकलने जाता. सायकल 26 इंची, मागे सात गिअर, व्ही-ब्रेक म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे. मागच्या चाकाच्या तारा एकामागून एक तुटल्या आणि आता रिमचाच आठ झालाय. दुकानदार म्हणतो, ‘बाब, ह्यात पैसे घालू नका, नवीच घ्या.’ तुम्हाला मात्र स्वस्तातलं चाक हवंय.

फ्रेम सरळ असेल आणि जोडांवर कुठे तडा नसेल, तर नवी सायकल कशाला? साधा हब (चाकाच्या मधला, तारा ओवलेला तुंबा), अ‍ॅल्युमिनियमची एकपदरी रिम, 36 तारा असं तयार चाक माझ्या सायकलला दीड हजाराच्या आत बसलं. डिचोली-म्हापसा रस्त्याचे खड्डे खाऊनही ते सरळ फिरतंय. त्यात चाकाचा गुण थोडा, आणि रस्त्यावर उतरवण्याआधी ज्याने त्याच्या तारा कसल्या त्या मिस्त्रीचा हात जास्त. म्हणून हिशेब मांडताना तारा कसून घ्यायचे दोनशे-तीनशे रुपये आधीच वेगळे काढा. घासाघीस करायचीच तर चाकाच्या भावावर करा, त्या मजुरीवर करू नका.

तारा का तुटल्या ते आधी समजून घ्या, नाहीतर नव्या चाकाची गत तीच होईल. मागच्या चाकावर निम्म्याहून जास्त वजन येतं, त्यात कॅरिअरवरची पिशवी. फ्रीव्हील, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, उजवीकडची जागा अडवतं, त्यामुळे रिम मधोमध आणायची तर उजव्या तारा उभ्या आणि घट्ट ठेवाव्या लागतात, डाव्या तिरप्या आणि त्या मानाने सैल राहतात. यंत्रावर विणलेल्या स्वस्त चाकात तर सगळ्याच तारांचा ताण कमी असतो. चाक फिरताना जी तार खाली येते तिचा ताण क्षणभर उतरतो, वर गेली की पुन्हा चढतो. मुळात ताण भरपूर असला तर तारेला त्याचं काही वाटत नाही. सैल तार मात्र दर फेऱ्याला हबच्या भोकात थोडी वाकते, थोडी सरळ होते, आणि शेवटी डोक्याखालच्या वाकणातच तुटते. तुमच्या तुटलेल्या तारा हातात घेऊन बघा, बहुतेक तिथेच गेल्या असतील. चार गेल्या म्हणजे बाकीच्याही थकलेल्याच. एकेक बदलत बसू नका.

आपल्या पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, सायकल आठवा. मागे पावांनी भरलेली ती मोठी टोपली, पहाटेचे गावातले उंचसखल रस्ते, तरी मागचं चाक निमूट चालतं. त्या काळ्या दणकट सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा घालायची जुनी पद्धत आहे. भार जिथे जास्त तिथे तारा जास्त, इतका सरळ हिशेब. तुम्हाला 40 मिळणार नाहीत, पण 36 भोकांची रिम सहज मिळते. 28 तारांचं दिसायला झकास चाक स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या.

आता माप. दुकानात ‘सव्वीसचं चाक’ एवढंच सांगून चालत नाही, कारण सव्वीसमध्ये एकाहून जास्त जाती आहेत. तुमच्या टायरवर 26 × 1.95 किंवा 2.1 असं दशांशात लिहिलेलं असेल, शेजारी बारीक अक्षरांत 559 हा आकडा असेल. रिमचं खरं माप ते, मिलिमीटरमध्ये. जुन्या लेडीज सायकलींना 26 × 1 3/8 असं अपूर्णांकातलं टायर असतं, त्याची रिम 590 ची. तुमचं टायर तिच्यावर चढणारच नाही. टायरवरच्या मजकुराचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि तोच दुकानात दाखवा.

दुसरं माप चिमट्याचं. चाक काढून मागच्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर मोजा. अशा सायकलींत ते बहुधा 135 मिलिमीटर असतं, काहींत 130. हबच्या दोन चेकनटांच्या (एक्सलवर दोन्हीकडे सर्वांत बाहेर कसलेल्या, चिमट्याला आतून टेकणाऱ्या नटांच्या) बाहेरच्या कडांमधलं अंतर तेवढंच हवं. लोखंडी फ्रेम दोन-चार मिलिमीटर हाताने फाकवता येते, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमशी असले खेळ नकोत.

हबचा प्रकारही बघावा लागतो. सात गिअरच्या स्वस्त सायकलीत हबवर आटे असतात आणि त्यावर फ्रीव्हील अख्खंच्या अख्खं फिरवून बसवलेलं असतं. महागड्या सायकलीत कॅसेट असते, म्हणजे हबवर नुसत्या सरकवून बसवलेल्या चकत्या. ओळखायची खूण अशी: चकत्या उलट्या फिरवा आणि मधोमध, एक्सलभोवती, पाना बसायच्या खाचांकडे नजर ठेवा. खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील, चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. तुमचं फ्रीव्हीलच निघेल, आणि स्वस्ताईच्या दृष्टीने ते बरंच आहे. त्याची एक खोड मात्र आहे. अशा हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आत, बरेच मधल्या बाजूला बसतात. त्यामुळे उजवीकडे एक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो आणि खड्ड्यात आपटून आपटून वाकतो, कधी मोडतोही. म्हणून अंगावर मांस असलेल्या माणसाने गतिरोधकावर सीटवर बसून राहू नये, जरा उठावं. पर्वरी-म्हापसा रस्त्यावर उठबस बरीच होईल, त्याला इलाज नाही. एक्सल भरीव आणि नटाचं घ्या. झटपट काढायच्या दांडीचं एक्सल पोकळ असतं, आणि बाजारात सायकल लावून गेलात तर चाकच गायब व्हायची भीती वेगळी.

रिम लोखंडी घेऊ नका, कितीही चकाकली तरी. पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक नुसता घसरत राहतो, आणि आपल्याकडे जूनपासून चार महिने हाच प्रकार. व्ही-ब्रेक आहेत, तेव्हा रिमच्या बाजू सपाट आणि ब्रेक लागण्यासाठी तासलेल्या हव्यात. डिस्कब्रेकच्या सायकलींसाठी केलेली रिम तुम्हाला चालणार नाही, तिच्या काही नगांना ही पट्टीच नसते. दोनपदरी रिम दोन-तीनशे रुपये जास्त देऊन मिळत असेल तर जरूर घ्या, खड्ड्यात ती सहजासहजी चेपत नाही. तारा शक्यतो स्टेनलेसच्या. जस्ताचा मुलामा दिलेल्या तारा किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत पांढुरक्या पडतात, मग तांबेरा धरतो. चोडणच्या फेरीने नेहमी ये-जा करणाऱ्यांच्या सायकली बघितल्यात तर सांगायला नको. धक्क्यावरचं खारं पाणी थेट निपलांपर्यंत, म्हणजे रिममध्ये तारा धरणाऱ्या छोट्या नटांपर्यंत, जातं आणि मग निपल तारेला असे धरतात की पाना फिरवला की तारच पिळवटते.

कुठे घ्यायचं? म्हापशाच्या किंवा मडगावच्या जुन्या बाजारातली सायकलची दुकानं आधी बघा, जिथे कोपऱ्यात चाकं टांगलेली दिसतात आणि मालक स्वतः हाताला ग्रीस लावून बसलेला असतो. माल बहुतेक लुधियानाचाच असतो. बेळगावला कामानिमित्त जाणं होत असेल तर तिथेही विचारा, निवड जास्त मिळते. ऑनलाइन मागवू नका असं मी म्हणेन. चाक कुरिअरमध्ये आडवं टाकलं, वर पोतं ठेवलं, की नवी रिम घरी पोचायच्या आधीच वाकते, आणि परतीचा खटाटोप तुमच्या गळ्यात. भंगारअड्ड्यावर कधीकधी अख्खी सायकल लोखंडाच्या भावात मिळते आणि तिचं मागचं चाक चांगलं निघतं, पण किनाऱ्याकडची, भाड्याने फिरवलेली सायकल असेल तर निपलांची भोकं आणि हबचे आतले गाळे नीट बघा. भोकाभोवती केसाएवढी भेग दिसली तरी ते चाक परत ठेवा.

दुकानात चाक हातात आलं की एक्सलची दोन्ही टोकं दोन्ही हातांच्या बोटांत धरा आणि चाक फिरवायला सांगा. हबमधून खरखर बोटांना जाणवली तर कोन (एक्सलवरचे, छर्रे दाबून धरणारे शंकूसारखे नट) जास्त कसलेत किंवा ग्रीसच नाही. डावीउजवीकडे हललं तर कोन सैल. दोन्ही दोष पाच मिनिटांत दूर होतात, तेवढं त्याच्याकडूनच करून घ्या. रिम बाजूला दोन-तीन मिलिमीटर लागत असेल तर काळजी नको, आउट काढताना, म्हणजे तारा आवळून-सैल करून रिम सरळ करताना, जाईल. वरखाली उड्या मारत असेल तर दुसरं चाक काढायला सांगा.

मग ताण. बहुतेक दुकानात आउट काढून देतात, म्हणजे जिथे रिम बाजूला जाते तिथली एखादी तार आवळली, समोरची सैल केली, झालं. त्याने चाक सरळ दिसतं, ताण मात्र होता तेवढाच राहतो. तुम्ही मिस्त्रीला स्पष्ट सांगा: सगळ्या तारा थोड्या थोड्या करून चढवा, मग आउट काढा. काम झालं की तुम्ही स्वतः एकेक तार बोटाने छेडून बघा. उजव्या बाजूच्या सगळ्या तारांचा सूर साधारण एक यायला हवा, डाव्यांचा त्यांच्याहून खालचा, पण आपापसात एकच. मधेच एखादी बद्द वाजली तर ती सैल आहे, तंबोऱ्याची उतरलेली तार वाजते तशी. नंतर शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने दाबा, चाकभर. टिक टिक असे आवाज येतील. आवळताना तारा जी पीळ खाऊन बसलेल्या असतात ती इथे सुटते, रस्त्यावर सुटण्यापेक्षा बरं. त्यानंतर आउट पुन्हा एकदा बघायला लागतो. हे सगळं ऐकून जो मिस्त्री कपाळाला आठ्या घालील त्याच्याकडे काम देऊ नका.

चाक मधोमध आहे का हे तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. फ्रेममध्ये बसवा, रिम आणि डाव्या दांड्यामधलं अंतर बघा. मग चाक उलटं, म्हणजे फ्रीव्हील डावीकडे करून बसवा आणि तेच अंतर पुन्हा बघा. सारखं आलं तर ठीक.

एक गोष्ट विसराल म्हणून ठळक सांगतो: फ्रीव्हील जुन्या चाकावरून काढायचं असेल तर आधी ते काढा, जुन्या तारा नंतर कापा. पायडल मारून मारून ते आट्यांवर इतकं घट्ट बसतं की ते सोडवायला रिमच धरून फिरवावी लागते. तारा कापल्यावर हातात उरतो नुसता हब, मग तुमची फजिती बघायला अख्खा बाजार. काढायचा पाना खाचांच्या जातीप्रमाणे वेगवेगळा लागतो, तो दुकानातच असतो. नवीन चाकावर चढवताना आट्यांना ग्रीस लावा.

जुनं फ्रीव्हील ठेवायचं की नवं घ्यायचं हे चेनवरून ठरवा. बारा पूर्ण कड्यांचं माप नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंच भरतं. एक अष्टमांश इंच जास्त भरलं तर चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदला, एकच बदललं तर जोर लावताना चेन दात्यांवरून उडते. फ्रीव्हीलच्या आतले कुत्रे, म्हणजे खटके, अडकत असतील, पायडल मारलं तरी कधीमधी पोकळ फिरत असेल, तर तेही जुनं नकोच. सात गिअरचं साधं फ्रीव्हील फार महाग नसतं.

टायर, ट्यूब जुनीच वापरा. रिमच्या आतली पट्टी तेवढी नवी घाला, किंवा जुन्या ट्यूबची कापून घाला, निपलांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून. दोन-तीन आठवडे चालवून झालं की पुन्हा त्याच मिस्त्रीकडे जाऊन तारा बघून घ्या, पहिल्यांदा थोड्या बसतातच.

जुन्या चाकाचं एक्सल सरळ असेल तर कोन आणि नटांसकट काढून घरी ठेवा, पुढेमागे उपयोगी पडतं. उरलेली रिम भंगारवाल्याला द्या, पण ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, लोखंडाच्या भावात देऊ नका.