करिअर मार्गदर्शन : ‘मुलगा म्हणतो, मला गिटारच करायचीय’

प्रश्न : मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेत आहे. तीस वर्षं फिंगरस्टाइल (बोटांनी तारा छेडत) गिटार वाजवतोय, कॅसेटी ऐकून शिकलो. मुलगा यंदा बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंग नको, गिटारमध्येच करिअर करणार म्हणतो. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण यावर घर चालेल का? मी ‘नाही’ म्हणतो आणि मग मलाच झोप लागत नाही. – एक वडील

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. त्यात मुलाबद्दल जेमतेम दहा ओळी, बाकी सगळी गिटार! अमेरिकी गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सची कॅसेट पहिल्यांदा ऐकली तेव्हा दोघं जण वाजवताहेत असं तुम्हाला वाटलं होतं, आणि अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरून उरलेल्या बोटांनी चाल काढायला वर्ष गेलं, हे वाचताना मजा आली. गंमत म्हणजे खुद्द अ‍ॅटकिन्सचंही असंच झालं होतं. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाला त्याने रेडिओवर ऐकलं. ट्रॅव्हिस अंगठा आणि एकाच बोटाने वाजवायचा. ते दिसायला मार्ग नव्हता, म्हणून याने आणखी बोटं वापरून ते बसवलं आणि त्याची स्वतःची शैली तयार झाली.

पण त्याचीच पुढची गोष्ट घ्या. १९५७ पासून तो आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिलमधल्या कामाचा प्रमुख होता. म्हणजे ऑफिस सांभाळायचा, दुसऱ्यांच्या रेकॉर्डी काढायचा. ऑस्ट्रेलियन गिटारवादक टॉमी इमॅन्युएल लहानपणी घरच्या बँडमध्ये साथीची गिटार वाजवत ऑस्ट्रेलियाभर फिरला, पुढे स्टुडिओत इतरांच्या गाण्यांवर वाजवलं, आणि एकट्याने मंच गाजवणं त्यानंतरचं. अमेरिकी गिटारवादक अँडी मॅकीचे व्हिडिओ २००६ च्या सुमारास जगभर पोचले, तोवर तो कॅन्ससमधल्या टोपेका गावात गिटारच्या शिकवण्या घेत होता. एकट्याने गिटार वाजवायची आणि लोकांनी तिकीट काढून ऐकायचं, यावर पहिल्या दिवसापासून यांच्यापैकी कुणाचंच पोट भरलं नाही.

म्हणून मुलाचा हात किती चांगला आहे, हा माझ्या दृष्टीने दुसरा प्रश्न. पहिला हा, की आठ वर्षांच्या पोराला तोच सी कॉर्ड विसाव्यांदा दाखवताना तुमच्या मुलाचं डोकं फिरतं का? कारण सुरुवातीची बरीच वर्षं उत्पन्न शिकवण्यांतून येणार आहे. पुणे-मुंबईत गेला तरी तेच.

आणखी एक गोष्ट, तुम्हाला थोडी टोचेल अशी. फिंगरस्टाइल ही एकट्याची कला आहे. बेस, ताल, चाल सगळं एकाच माणसाकडे, त्यामुळे खोलीत बसून वाजवताना अवघड जागी आपण नकळत लय ओढतो आणि ते कुणी पकडत नाही. स्टुडिओत कानात मेट्रोनोमची (ठेका मोजणाऱ्या यंत्राची) क्लिक असते, ती थांबत नाही. डीएडीजीएडी ट्यूनिंगमध्ये (सहा तारा या सुरांना लावून) तुमच्या मुलाने पांढरी दोनची सुरेख रचना बसवली असेल. गायिका ऐन वेळी म्हणाली, ‘आज काळी एकमधून घेऊ या’, म्हणजे अर्ध्या सुराने खाली, तर? कापो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावून वर जाता येतं, मोकळ्या तारांच्या खाली नेता येत नाही. अशा वेळी जो पटकन मार्ग काढतो, त्याला पुढच्या कार्यक्रमाला बोलावतात.

इंजिनिअरिंगचा हट्ट मात्र सोडा. मनाविरुद्ध चार वर्षं फी भरून हाती एटीकेटी आलेली मुलं माझ्याकडे दर वर्षी येतात. पदवी सोडायची नाही. बीए किंवा बीकॉम, सकाळचं कॉलेज पुरेल. दुपारी गिटार. सोबत ट्रिनिटी किंवा रॉकस्कूल या संस्थांच्या संगीत परीक्षा द्यायला लावा. आठवी ग्रेड आणि पुढे डिप्लोमा असेल, तर शाळेत संगीत शिक्षक म्हणून अर्ज करताना दाखवायला कागद असतो. शिवाय नोटेशन (सुरांची लिपी) वाचायला शिकेल. (टॉमी इमॅन्युएलला येत नाही, हे तो तुम्हाला नक्की ऐकवणार. हसून सोडून द्या.) पदवीनंतरही ओढ तितकीच असली तर चेन्नईच्या केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरीसारख्या ठिकाणांचा विचार करा. तिथे आधी जाऊन यावं, फी आणि राहण्याचा खर्च कागदावर मांडावा.

तो सिनेमाची गाणी बसवून व्हिडिओ टाकतो, असं तुम्ही लिहिलंय. हात दाखवायला ठीक, पण त्या चालींचे हक्क त्याचे नाहीत. स्वतःच्या रचना करायला लागला की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्यायला सांगा, रॉयल्टीची वाट तिथून जाते.

तुमच्या पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय : ओळखीतल्या सगळ्यांच्या गिटारी तोच दुरुस्त करतो. यावर मी तुमच्यापेक्षा जास्त थांबलो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, ब्रिज (तारा अडकवलेली पट्टी) उचलला जातो, तारा बोटांना जड लागतात; हे नीट करून देणारे तुमच्या गावात किती आहेत, तुम्हीच मोजा. आणि सतार-तानपुऱ्यांचं मिरज तुमच्यापासून तासा-दीड तासावर. सुट्टीत एखाद्या कारागिराकडे महिनाभर बसू दे. सतार आणि गिटार वेगळी, पण लाकूड ऐकायचं कसं, हे तिथे कळेल.

बारावीची परीक्षा झाली की तीन महिने मिळतील. गल्लीतली दोन मुलं त्याला शिकवू द्या, थोडी का होईना, फी घेऊन. एखाद्या भावगीतांच्या ग्रुपमध्ये साथीला बसू दे. तोवर ‘हो’ही नको, ‘नाही’ही नको. जूनमध्ये मला परत लिहा. या वेळी पत्र त्याला लिहू द्या, आणि शिकवणीचा हिशेब सोबत जोडायला सांगा.