वाचकांचे प्रश्न : पाय रोवायचे कसे?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात राहतो, वय २१. दोन वर्षांपासून बेळगावात शोतोकान कराटे शिकत आहे. किबा-दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारख्या ठाणात, मी चार मिनिटे न हलता उभा राहू शकतो. तरीही सरावात समोरून छातीला हलका धक्का लागला की लगेच टाचांवर जातो. तरुणपणी कुस्ती खेळलेले माझे आजोबा म्हणतात, 'तुझे पाय अजून रोवलेच नाहीत.' आणखी किती मिनिटे उभे राहावे?

उत्तर : मिनिटे वाढवू नका. चार मिनिटे टिकणाऱ्या मांड्यांत ताकद पुरेशी आहे, पण तुमच्या ठाणाची कच्ची बाजू तुम्हाला अजून ओळखता आलेली नाही. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली असतो आणि तिथून सोडलेला ओळंबा जोवर दोन्ही पावलांनी घेरलेल्या जागेत पडतो, तोवर तोल राहतो. किबा-दाचीत ही जागा डावी-उजवीकडे ऐसपैस असते. मागे-पुढे मात्र ती जेमतेम एका पावलाच्या लांबीएवढी भरते. खाली बसल्याने थोडा फायदा होतो, पण तो अरुंदपणा जात नाही. झेनकुत्सु-दाची या दुसऱ्या ठाणात एक पाय पुढे गेल्यामुळे समोरचा जोर पेलतो, तर बाजूने ओढल्यास माणूस डगमगतो. पावलांना जोडणाऱ्या रेषेला काटकोन केला की कच्ची बाजू सापडते. ज्युदोत तोल मोडण्याला कुझुशी म्हणतात आणि तिथला जाणकार नेमकी हीच बाजू शोधत असतो.

तेव्हा जोडीदाराला तळहाताने आठही दिशांनी सावकाश दाब द्यायला सांगा. उलटा जोर लावू नका. टाच, अंगठ्याचे मूळ आणि करंगळीचे मूळ यांपैकी कशावरचे वजन आधी सुटते, एवढेच पाहा. बोटे जमीन ओरबाडू लागली, तर तोल आधीच गेलेला असतो.

पुढचा धडा चालण्याचा. खानापूरकडच्या माणसाला भातलावणीचा चिखल वेगळा सांगायला नको. रोपांचे ओझे डोक्यावर घेऊन निसरड्या बांधावरून जाणारी बाई गुडघे मोकळे ठेवते, पुढचे पाऊल नुसते टेकवते, खालची माती किती खचते ते तळव्याने जोखते आणि मगच त्यावर भार टाकते. तोवर मागचा पाय तिला धरून असतो. झेनकुत्सु-दाचीत पुढे सरकताना असेच करा आणि पाऊल आपटण्याची सवय (ती हल्ली फार दिसते) सोडून द्या.

आजोबांना झेपत असेल, तर त्यांच्याशी खडाखडीला उभे राहून त्यांची मान हलकेच ओढून पाहा. बहुधा ते खांबासारखे उभे राहणार नाहीत. तुम्ही ओढाल तशी त्यांची पावले अर्धी वीत सरकतील, पण कंबर वर उचलली जाणार नाही. ते रोवणे म्हणतात ते याला, असे मला वाटते.

तालमीच्या भुसभुशीत लाल मातीत बोटे रुततात. घामाने ओल्या झालेल्या शहाबादी फरशीवर तसे होत नाही. पाय जितके फाकवाल तितके ते बाहेर घसरू पाहतात. अशा जागी ठाण थोडे आखूड घेण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : मी निपाणीची, वय ४४. मुलीबरोबर लाठी शिकते. पवित्रा घेताना उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. सराव बंद करावा का?

उत्तर : खाली वाकताना गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला झुकतो का, हे ताई, आरशासमोर उभे राहून पाहा. तसे होत असेल, तर पाऊल किंचित बाहेर वळवा, मांडी खुब्यापासून उघडा आणि गुडघा दुसऱ्या बोटाच्या रोखाने ठेवा. काही आठवडे पवित्रा उंचच घ्या. मांडीची जळजळ सरावाचीच असते, परंतु सांध्यातील टोचणी तशी सोसू नये. सूज आली किंवा गुडघा अडकू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. लाठी तोवर सरळ उभ्याने फिरवता येईल. मनगटाचा सराव त्यासाठी थांबवायचे कारण नाही.