गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

“आई गेल्यापासून झोप उडाली होती. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध दिलं, दोन महिन्यांत फरक पडला. पण प्रार्थना-गटातल्या मावशी म्हणाल्या, ‘प्रभूवर विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला?’ पाच दिवसांपूर्वी बंद केल्या. आता चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. देव रागावलाय का?” – एक बहीण, मालाड

प्रिय बहीण,

देव रागावलेला नाही. ही गोळी एकदम तोडली की काही दिवसांतच चक्कर, करंट, चिडचिड सुरू होते. आजच डॉक्टरांना फोन करून कधीपासून बंद आहे ते सांगा. पुढचा डोस तेच ठरवतील. बरं वाटल्यावरही हे औषध साधारण सहा महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. तुमचे डॉक्टर भेटत नसतील तर केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. जगणं नकोसं वाटलं तर क्षणभरही न थांबता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

विश्वासाचं म्हणाल तर बायबलमधला 1 राजे, अध्याय 19 काढून वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला घालतो. परमेश्वराचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. शरीराची काळजी तिथे आधी येते आणि ती अविश्वास ठरत नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांना जरूर भेटा. आईचं दुःख, अपराधीपणा, देवाबद्दलचे प्रश्न त्यांच्यापुढे मांडा. गोळ्यांचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. आणि हे आधीच स्पष्ट बजावा: “माझं नाव प्रार्थनाविषय म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.” चांगल्या हेतूनेच गोष्टी तिथून गावभर होतात. ख्रिस्ती समुपदेशक निवडाल तर त्यांचं मानसशास्त्राचं शिक्षण किती, हे विचारायला संकोच करू नका. ‘औषध सोडा’ म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

घरी रोज दहा मिनिटं वही घेऊन बसा. बायबलमधलं स्तोत्र 13 फक्त सहा वचनांचं आहे: पहिल्या दोनांत तक्रार, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच क्रमाने आपलं लिहा. बहुतेक जण तक्रारीच्या दोन ओळी खरडून थेट भरवशावर उडी मारतात, कारण मंडळीत साक्ष आनंदातच संपावी अशी अपेक्षा असते. मग खरं दुःख आतच राहतं. तक्रारीलाच सात मिनिटं द्या, आईचं नाव घेऊन लिहा. भरवसा आला नाही तर ती जागा कोरी सोडा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

मावशींशी भांडू नका. म्हणा, “प्रार्थना चालू ठेवा मावशी, औषधाचं मी डॉक्टरांशी बघते.” आणि रविवारी उपासनेला एकटीला जाववत नसेल तर त्यांनाच सोबत न्यायला सांगा.