प्रार्थनेत शेजारी पाहू नकोस

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रार्थना झाली की लोक पाठ थोपटतात, ते तुला आवडतं, आणि आवडतं याचीच लाज वाटते. म्हणून तीन महिने तू उपासनेत तोंड उघडलं नाहीस. इथवर मी तुझ्या बाजूचा. पण पुढं तू लिहितोस, "निदान मी आपल्या वडीलजनांसारखा देखावा तरी करत नाही." लेका, हे वाक्य येशूच्या दाखल्यातल्या परूश्याचं आहे, नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या माणसाचं. मंदिरात तो देवाचे आभार मानतो, की मी ह्या जकातदारासारखा, म्हणजे पापी समजल्या जाणाऱ्या कर वसूल करणाऱ्यासारखा, नाही. जकातदाराच्या जागी तू वडीलजनांना, आपल्या मंडळीच्या पुढाऱ्यांना, उभं केलंस, एवढाच फरक.

या पत्रात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस. देवापुढं उभं राहिलं की शेजारी पाहायचं नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला हा १८ वा अध्याय पुन्हा काढ, पण परूशी वाईट आहे असं आधीच ठरवून वाचू नकोस. तो खोटं बोलत नाही. नियमशास्त्रानं वर्षातून एकच उपवास सांगितलेला, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा आठवड्यातून दोन करतो. मिळेल त्या सगळ्याचा दशांश देतो. आणि त्याची सुरुवात कशानं होते पाहा: "मी तुझे आभार मानतो." म्हणजे स्वतःच्या नीतिमत्त्वाचा ताठा उपकारस्तुतीच्या दारानं आत आला. आभार मानता मानता त्याची नजर बाजूला गेली, "ह्या जकातदारासारखा" हे शब्द आले आणि प्रार्थना तिथंच संपली. पुढं त्यानं देवाकडे काही मागितलेलंच नाही.

जकातदाराचं वाक्य मूळ ग्रीकमध्ये सहा शब्दांचं आहे. आपण "दया कर" वाचतो, पण तिथलं क्रियापद प्रायश्चित्ताशी नातं सांगणारं आहे. दयासनाला, म्हणजे कराराच्या कोशाच्या ज्या झाकणावर प्रायश्चित्ताचं रक्त शिंपडत त्याला, जो ग्रीक शब्द आहे, त्याच कुळातलं. मंदिरात सकाळ-संध्याकाळ अर्पण होई आणि लोक प्रार्थनेला थांबत. तो बहुधा त्या वेदीकडे बोट दाखवूनच म्हणतोय, हे माझ्यासाठीही असू दे. परूश्याबद्दल एक अक्षर नाही. त्याला म्हणता आलं असतं, "निदान मी ढोंगी तरी नाही." म्हणाला नाही. तू म्हणालास.

मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला रव्याशेजारी रवा, म्हणजे ढेपेशेजारी ढेप, ठेवून रंग बघतात, भाव तसा ठरतो. तिथं ते बरोबरच आहे. वेदीपुढं सौदा नसतो.

आता कामाचं. मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना चार मिनिटांपेक्षा लांबवू नकोस. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर आधी लिही. क्रम साधा ठेव: देवाला हाक, उपकारस्तुती, पापांगीकार, मग जग, देश, आपलं शहर, मंडळीतले आजारी आणि दुःखी, शेवटी येशूच्या नावात आमेन. लिहून झालं की पेन्सिल घे आणि "ते", "काही लोक", "आजकालची पिढी", "जे येत नाहीत" असे शब्द असलेली वाक्यं शोध. ती तशीच्या तशी खोड, सुधारायला बसू नकोस. "प्रभू, उशिरा येणाऱ्यांना समज दे" ही प्रार्थना नाही. डोळे मिटून केलेली कानउघाडणी आहे ती, आणि समोरच्याला उत्तरही देता येत नाही. म्हणून ती अन्यायाची आहे.

पापांगीकारात "आम्ही" म्हण. प्रभूची प्रार्थना तपास: "आमच्या पित्या", "आमची रोजची भाकर", "आमची ऋणे". त्यात "मी" एकदाही नाही. पण "आम्ही" म्हणताना मनात "म्हणजे हे सगळे" असं असेल तर फसलास. म्हणून शनिवारी रात्री दार लावून आधी स्वतःचं एक पाप नाव घेऊन कबूल कर. "माझ्या सर्व उणिवा" असं मोघम चालणार नाही. कोणाशी, काय, कधी, हे स्पष्ट. रविवारी "आम्ही" म्हणशील तेव्हा तेच आठव. पापांगीकारानंतर वीस सेकंद गप्प राहा. मनात मोज. माइकसमोर ती शांतता फार लांब वाटते आणि घाबरून माणूस बोलू लागतो. बोलू नकोस.

आजाऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर घरच्यांना विचार, आजाराचं नाव घेऊच नकोस. प्रार्थनेच्या आडून बातम्या फिरतात आणि त्यांचा वास येतो.

कुणी "छान झाली प्रार्थना" म्हणालं तर "आभारी आहे" म्हण आणि चहाचे कप उचलायला लाग. "मी कोण, सगळा प्रभूचाच महिमा" असं लांबण लावलंस की आणखी दोन मिनिटं तुझ्याचबद्दल बोलणं होतं.

लेंटचंही, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचंही, तेच. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस, सहा रविवार वगळले की चाळीस. आपल्या कोल्हापुरात तांबडा-पांढरा सोडणं ही मोठी गोष्ट आहे, कबूल. पण ती जेवणाच्या पंगतीत जाहीर केलीस की मोबदला तिथंच मिळाला. मत्तय ६ मध्ये प्रभू म्हणतो, उपवासात डोक्याला तेल लाव, तोंड धू. कुणाच्या ताटात मटण दिसलं तरी नजर आपल्या ताटात.

टाळ-मृदंगावर भजन म्हणणारे कीबोर्डवाल्यांना नावं ठेवतात, कीबोर्डवाले त्यांना. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली. अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भक्ती करायची वाट त्यांनी आपल्यासाठी रुंद केली. ती गाण्यासाठी. दुसऱ्याची भक्ती मोजायची काठी म्हणून नव्हे. तसंच अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, आमचं घराणं तेव्हापासूनचं, असं प्रार्थनेत सूचित करणारे असतात. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं यावर सांगून ठेवलंय: अब्राहामासाठी देव दगडांतूनही मुलं उत्पन्न करील.

तू म्हणशील, कागदावर लिहून केलेली प्रार्थना आत्म्यानं प्रेरित कशी? हे मला अनेकांनी ऐकवलंय आणि मी ऐकणार नाही. आयत्या वेळी जिभेवर जे येतं ते बहुतेक वेळा आठवड्याभराचा राग असतो. कागदावर तो दिसतो, खोडता येतो. मला हे उशिरा कळलं. त्याआधीच्या माझ्या प्रार्थनांमध्ये किती जणांना मी देवापुढं उभं करून मापलं, ते आता परत घेता येत नाही. म्हणून मी कागद सोडत नाही आणि तुलाही सोडू देणार नाही.

गप्प बसणं मात्र बंद कर. तुझ्या गप्प बसण्यातही शेजारी पाहणंच आहे: ते बोलतात, मी बोलत नाही, म्हणून मी खरा.

आणि एक काम. ज्या वडीलजनांचं नाव न घेता तू लिहिलंस, त्यांच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी जा. मत्तय ५:२३-२४ मध्ये क्रम स्पष्ट आहे: अर्पण वेदीपुढंच ठेवायचं, आधी भावाशी समेट, मग परत येऊन अर्पण. त्यांची चूक मोजायला जाऊ नकोस. "तुमच्याविषयी मनात वाईट धरलं होतं, क्षमा करा" एवढं म्हण आणि त्यांनी चहा विचारला तर घे.

पाळकसाहेबांना आजच सांग की येत्या रविवारची मध्यस्थी तू घेतोस. कागद शनिवारी रात्री आठपर्यंत माझ्याकडे आण. पेन्सिल मी आणतो.

तुझा,
प्रभूमधला काका